राखणीच्या कुत्र्यांचीं पिलें आणि लस

घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत या रोगांचीं नांवें न ऐकलेला शेतकरी आज महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. पावसाळा तोंडावर आला कीं, दवाखान्यांत लस केव्हां येणार याची चौकशी तो आपण होऊन करितो. २०२२ सालीं लंपी त्वचारोगाची साथ आली तेव्हां, ज्या गांवांत जनावर टोंचून घेण्यास पूर्वीं लोक कांकूं करीत, त्या गांवांतहि गाई-बैल घेऊन माणसें रांगेंत उभीं राहिलीं. ही समज एका दिवसांत आलेली नाहीं. भरल्या दावणी डोळ्यांदेखत रिकाम्या झाल्यावर ती आली आहे. परंतु त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, व्यालेल्या कुत्रीचीं पांच-सहा पिलें असतात. त्यांच्या बाबतींत मात्र ही समज कोठें जाते, असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. राखणीच्या कुत्र्याचें पिलूं हें शेतीच्या जनावरांपैकींच एक होय. त्यास लस टोंचली पाहिजे, ती एकदां टोंचून न थांबतां ठरलेल्या क्रमानें टोंचली पाहिजे, आणि हें काम एकेकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर न सोडतां आपल्या संघानें अंगावर घेतलें पाहिजे.

कुत्रा हा शेतकऱ्याचा बिनपगारी रखवालदार आहे. उभ्या ज्वारींत रानडुकरांचा कळप शिरला, उंसांत कोल्हे माजले, भुईमुगावर वानरें उतरलीं किंवा विहिरीवरील मोटारीची केबल कापण्यास रात्रीं चोर आला, तर मालकाच्या आधीं जागा होतो तो कुत्रा. मेंढ्यांचा वाडा घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरास तर त्याच्यावांचून एक रात्र काढणेंहि अवघड. असा कुत्रा बाजारांत तयार मिळत नाहीं. पिलूं आणावें, दीड-दोन वर्षें भाकरीच्या तुकड्यावर वाढवावें, घरचीं माणसें कोणतीं व परकीं कोणतीं हें त्यास कळूं द्यावें, तेव्हां कोठें राखण हातीं लागते. तें पिलूं चार महिन्यांचें होऊन मेलें, तर राखणीचें एक वर्ष बुडालें असें समजावें. पण पिलूं फुकट मिळालेलें असतें, आणि फुकटच्या वस्तूचा हिशेब कोणी वहींत मांडीत नाहीं. म्हणून हें नुकसान दर वर्षीं होतें आणि दर वर्षीं विसरलें जातें.

पिलें मरतात कशानें? 'कांहींतरी खाल्लें', 'थंडीनें गेलीं', 'हगवण लागली' अशीं उत्तरें मिळतात. जंत, उपासमार व थंडी यांनींहि पिलें मरतात हें खरें. पण झोलच्या झोल एकाच आठवड्यांत जातो तेव्हां बहुधा एखादा सांसर्गिक रोगच त्याच्या मुळाशीं असतो, आणि असे मुख्य रोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

त्यांतला पहिला डिस्टेंपर. पिलाला ताप येतो, डोळ्यांत व नाकांत चिकट पू सांठतो, खोकला आणि हगवण लागते. कांहीं दिवसांनीं तें सुधारल्यासारखें दिसतें, आणि मग मान व पाय झटके देऊं लागतात, फेपरें येतें. अशा पिलाला पिसाळलेलें समजून लोक काठीनें मारितात. या रोगाचा विषाणु मुलांच्या गोवराच्या आणि गुरांच्या बुळकांड्याच्या विषाणूंचा भाऊबंद आहे. बुळकांड्या म्हणजे इंग्रजींतला रिंडरपेस्ट. त्या रोगानें एके काळीं गांवेंच्या गांवें बैलांवांचून पडत. लसीच्या बळावर तो जगांतूनच नाहींसा झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. बैलांचा शत्रु लसीनें गेला, पण त्याच्याच कुळांतला कुत्र्यांचा शत्रु आमच्या खळ्यावर निर्धास्त नांदत आहे.

दुसरा पार्व्हो. हा रोग १९७८ च्या सुमारास जगापुढें आला आणि दोन-तीन वर्षांत सर्वत्र पसरला. पिलूं ओकूं लागतें, उग्र वासाची रक्तमिश्रित हगवण होते, अंगांतील पाणी आटतें, आणि दोन-तीन दिवसांत सर्व आटोपतें. याचा विषाणु इतका चिवट आहे कीं, सावलीच्या ओलसर जागीं मातींत तो महिनोन् महिने तग धरितो. म्हणून ज्या गंजीखालीं यंदाचीं पिलें गेलीं, तेथेंच पुढील वर्षींचींहि जातात, आणि लोक 'जागा वाईट' असें म्हणून मोकळे होतात. जागा वाईट खरीच, पण ती भुताखेतांनीं नव्हे. फरशी व भांडीं ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यानें धुतां येतात. माती कोण धुणार? तेथें लसीवांचून दुसरा उपाय नाहीं.

तिसरा लेप्टो. हा उंदरांच्या मुतांतून साचलेल्या पाण्यांत उतरतो. तो कुत्र्यास होतो, गुरास होतो आणि माणसासहि होतो. कोंकणांत भाताच्या खाचरांत अनवाणी उभें राहून लावणी करणारांस या तापाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. रोग झालेल्या कुत्र्याच्या मुतांतूनहि त्याचा फैलाव होतो. भाताच्या मुलखांत म्हणून या लसीचा विचार आधीं करावा. चौथा रोग रेबीज, म्हणजे आपल्या भाषेंत कुत्रें पिसाळणें. त्याविषयीं पुढें वेगळें लिहावयाचें आहे.

या रोगांचें नुकसान खळ्यापुरतेंहि राहत नाहीं. २०१८ सालच्या सप्टेंबर-आक्टोबरांत गुजरातेंतील गीरच्या अरण्याच्या एका भागांत वीसांहून अधिक सिंह थोड्या दिवसांत मेले, आणि तपासांत मेलेल्या सिंहांपैकीं कांहींत डिस्टेंपरचा विषाणु सांपडला. आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या अरण्यांत १९९४ सालीं याच रोगानें सिंहांचा सुमारें तिसरा हिस्सा नाहींसा केला, आणि रोगाचा उगम भोंवतालच्या वस्त्यांतील कुत्र्यांकडे असावा असें शास्त्रज्ञांचें मत पडलें. गीरच्या सिंहांसाठीं परदेशांतून लस मागवावी लागली. रानांतल्या सिंहास लस टोंचण्याची जेथें पाळी आली, तेथें दारच्या पिलास ती टोंचण्याचा आळस कसा शोभेल?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. पुष्कळ शेतकरी सांगतात, 'आम्हीं लस टोंचली होती, तरी पिलूं मेलेंच.' हें सांगणें बहुधा खोटें नसतें. परंतु त्यावरून लस निरुपयोगी ठरत नाहीं. ती एकदांच टोंचली आणि मग सोडून दिली, एवढेंच त्यावरून ठरतें. याचें कारण नीट समजून घेण्याजोगें आहे, आणि तें समजण्यास गोठ्याबाहेर जावें लागत नाहीं.

गाय व्याल्यावर पहिल्या कांहीं तासांत वासराच्या पोटांत चीक गेला पाहिजे, हें प्रत्येक गवळ्यास ठाऊक आहे. कुत्रीच्या चिकांतहि तोच गुण आहे. आईनें जे रोग पचविले असतील किंवा ज्यांची लस तिला मिळाली असेल, त्या रोगांशीं झगडण्याची शक्ति पहिल्या दिवशींच्या दुधांतून पिलास मिळते. पण ही शक्ति उसनी असते. ती आठवड्यागणिक कमी होत जाते. एखाद्या पिलांत ती सहाव्या-आठव्या आठवड्यांत संपते, एखाद्यांत बाराव्या, तर एखाद्यांत सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकते. आणि जोंवर ती अंगांत आहे, तोंवर बाहेरून आलेल्या लसीलाहि ती रोगच समजून निकामी करिते. म्हणून सहाव्या आठवड्यांत टोंचलेली लस एका पिलास लागू पडते आणि त्याच्याच पाठच्या भावास पडत नाहीं. कोणास लागू पडली हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. त्यांतहि अडचण अशी कीं, मध्यें कांहीं आठवडे असे येतात, ज्यांत आईची शक्ति लस मारण्याइतकी शिल्लक असते, पण रोग अडविण्याइतकी उरलेली नसते. बहुतेक पिलें जातात तीं याच आठवड्यांत.

यावर उपाय एकच. सहा ते आठ आठवड्यांच्या वयास पहिली टोंचणी द्यावी, दर तीन-चार आठवड्यांनीं ती पुन्हां द्यावी, आणि शेवटची टोंचणी सोळा आठवडे पुरे झाल्यावरच द्यावी. शेतकऱ्यास हें वेगळ्या शब्दांत सांगतां येईल. पेरणी केली तरी सगळें बीं सारखें उगवत नाहीं, म्हणून आठ-दहा दिवसांनीं आपण शेतांतून फिरतों आणि नांगे भरितों. दुसरी व तिसरी टोंचणी म्हणजे नांगे भरणेंच होय. पहिल्या पेरणीवर विसंबून नांगे न भरणारा शेतकरी सुगीच्या वेळीं बियाण्यास शिव्या देतो, तसेंच एका टोंचणीवर थांबणाऱ्याचें आहे.

या टोंचणींत डिस्टेंपर, पार्व्हो आणि कुत्र्यांची सांसर्गिक कावीळ या तिन्ही रोगांची लस एकत्र येते. पुढें सहा महिन्यांचें किंवा वर्षाचें झाल्यावर आणखी एक टोंचणी, आणि त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्या अंतरानें. लेप्टोची लस आठ आठवड्यांनंतर दोन वेळां द्यावी लागते, व तिचा असर वर्षभरच धरावा. टोंचण्यापूर्वीं जंतांचें औषध दिलेलें असावें. पिलें दोन आठवड्यांचीं झालीं कीं तें सुरू करावें व दोन महिन्यांपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांनीं देत जावें. तापानें किंवा हगवणीनें आजारी असलेलें पिलूं टोंचूं नये. लस सूर्यप्रकाशांत ठेवूं नये, गोठूं देऊं नये. दोन ते आठ अंश सेंटिग्रेड एवढ्या थंडाव्यांत ती राहिली पाहिजे. दुचाकीच्या डिकींत उन्हानें तापलेली लस म्हणजे निव्वळ पाणी. आणि टोंचल्याबरोबर त्याच दिवशीं संरक्षण मिळालें असेंहि समजूं नये. त्यास दोनएक आठवडे लागतात.

हें सारें ऐकून शेतकरी म्हणेल कीं, इतक्या तारखा लक्षांत कोण ठेवणार? पण या कामाचा हंगाम निसर्गानेंच नेमून दिलेला आहे. कुत्र्यांच्या माजाचा मुख्य महिना भाद्रपद, हें खेड्यांतल्या पोरासहि माहीत आहे. कुत्री सुमारें त्रेसष्ट दिवसांनीं विते. म्हणजे बरींच पिलें दिवाळी उरकल्यावर कार्तिकांत जन्मास येतात. कार्तिकाच्या मध्यास जन्मलेलें पिलूं मार्गशीर्षाच्या अमावास्येस सुमारें साडेसहा आठवड्यांचें असतें, पौषाच्या अमावास्येस साडेदहा, माघाच्या अमावास्येस पंधरा आणि फाल्गुनाच्या अमावास्येस एकोणीस. अमावास्येस पुष्कळ गांवांत आजहि बैल जुंपीत नाहींत, माणसें घरीं असतात. मार्गशीर्ष, पौष, माघ आणि फाल्गुन या चार अमावास्या आपल्या संघानें पिलांच्या टोंचणीस राखून ठेवाव्या, अशी आमची सूचना आहे. जें पिलूं या चारहि दिवशीं हजर राहिलें, तें पाडव्याची गुढी उभी राहतांना या रोगांच्या धोक्यांतून बहुतांशीं पार पडलेलें असेल. इतर महिन्यांत जन्मलेल्या पिलांची तारीख वहींत लिहून त्यावरून दिवस काढावे. पण एक हंगाम जरी नेमका साधला, तरी पुष्कळ काम होईल.

आतां रेबीजविषयीं. पहिल्या तीन रोगांत मुख्यतः पिलाचा जीव जातो. येथें घरच्या मुलाचा जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दर वर्षीं सुमारें ५९ हजार माणसें या रोगानें मरतात, त्यांत दहांपैकीं चार पंधरा वर्षांखालील मुलें असतात, आणि जवळजवळ सर्वांना रोग कुत्र्याकडून येतो. रोगाचीं लक्षणें एकदां दिसलीं कीं मनुष्य वांचल्याचीं उदाहरणें नाहींत म्हटलें तरी चालेल. असें असतां आपल्याकडे एक समजूत दृढ आहे कीं, पिलूं पिसाळत नाहीं, पिसाळतो तो मोठा कुत्रा. ही समजूत चुकीची आहे. पिलास त्याच्या आईनें किंवा दुसऱ्या पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलें, तर तेंहि पिसाळतें, आणि त्याच्या सुईसारख्या दांतांचा लहानसा ओरखडाहि पुरेसा होतो. मोठा कुत्रा अंगावर आला तर मूल पळतें. पिलाला तें उराशीं धरितें. पिलानें बोट चावलें तर मार बसेल या भीतीनें घरीं सांगत नाहीं, आणि सांगितलें तरी वडील माणसें 'पिलूं तर आहे' असें म्हणून सोडून देतात. २०२५ सालीं उत्तर प्रदेशांत एका तरुणास पिलाच्या अशाच किरकोळ चाव्यानंतर रेबीज होऊन प्राण गमवावा लागला, ही बातमी वाचकांपैकीं पुष्कळांनीं वाचली असेल.

गुरांचीहि यांतून सुटका नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेली गाय कांहीं आठवड्यांनीं सारखी हंबरूं लागते, तोंडांतून लाळ गळते, गिळतां येत नाहीं. घशांत कांहीं अडकलें असावें अशा समजुतीनें मालक तिच्या तोंडांत हात घालतो, आणि रोग गाईवरून माणसावर येण्याची वाट मोकळी करून देतो. लाळ गाळणाऱ्या, गिळूं न शकणाऱ्या गुराच्या तोंडांत उघडा हात घालूं नये, हें प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखें आहे.

चावा किंवा ओरखडा पिलाचा असो कीं मोठ्या कुत्र्याचा, जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, तिच्यांत तिखट, चुना, हळद कांहीं भरूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. जुनीं माणसें पोटांतल्या चौदा सुयांची धास्ती घालतात. मेंढरांच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशांत २००४ च्या अखेरीस बंद झाली. आतां दंडांत थोड्या टोंचण्या पुरतात, मात्र त्या ठरल्या दिवशीं पुऱ्या केल्या पाहिजेत. जखम खोल असेल तर जखमेंतहि एक औषध टोंचावें लागतें, तें नाकारूं नये.

हा सर्व प्रसंगच टाळावयाचा तर पिलूं तीन महिन्यांचें झाल्यावर त्यास रेबीजची लस टोंचावी, आणि वर्षानें ती पुन्हां टोंचावी. वर सुचविलेल्या क्रमांत माघाची अमावास्या या टोंचणीस योग्य पडते. जेथें गांवांत रोगाचा वावर आहे, तेथें सामुदायिक मोहिमेंत तीन महिन्यांखालील पिलांसहि ती टोंचावी, असें आतां जाणत्यांचें मत आहे. अशा पिलांस तीन महिने पुरे झाल्यावर ती पुन्हां द्यावी म्हणजे झालें.

या सूचनेवर आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, गांवठी कुत्रें काटक असतें, त्यास लस कशाला? काटक दिसतात ते जगलेले कुत्रे. मेलेलीं पिलें उकिरड्यावर गेलीं, त्यांची गणना या हिशेबांत कोणी धरिली नाहीं. कोणी म्हणेल, टोंचलेला कुत्रा मंद होतो, राखण करीत नाहीं. टोंचल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप किंवा सुस्ती येते, टोंचल्या जागीं लहानशी गांठ येते, क्वचित् एखाद्याच्या तोंडावर सूज येते व पशुवैद्यास दाखवावें लागतें. याउपर राखणींत उणें पडत नाहीं. लाळ-खुरकुताची लस टोंचलेला बैल नांगराला हलका पडला असें कोणी म्हणतो काय?

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यास उत्तर दिलें पाहिजे. एकट्या शेतकऱ्यानें एका पिलासाठीं तालुक्याच्या गांवीं चार खेपा घालाव्या, दर खेपेस लस विकत घ्यावी, हें होणार नाहीं, आणि होत नाहीं म्हणून त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण रेबीजच्या लसीची दहा जनावरांना पुरणारी कुपी मिळते. एकदां उघडल्यावर ती ठेवून देतां येत नाहीं, म्हणून एकट्यास ती परवडत नाहीं. दहा शेतकरी एका ठिकाणीं आले, तर परवडते. एक पशुवैद्य एका दिवशीं एका गांवीं आला, तर चाळीस खेपांचें काम एका खेपेंत होतें. सहकाराचें तत्त्व आपण खतांत, बियाण्यांत, उंसांत आणि दुधांत चालविलें. तें थंड पेटींतल्या दहा कुप्यांस लागू पडणार नाहीं, असें मानण्याचें कारण नाहीं.

लसीच्या इतिहासांत शेतकऱ्यांच्या संस्थांचा हात पहिल्यापासून आहे. १८८१ सालीं पाश्चर यांनीं फाशी रोगावरील आपली लस जगापुढें सिद्ध करून दाखविली, ती फ्रान्सांतील पुई-ल-फोर येथील एका शेतावर, आणि त्या प्रयोगासाठीं मेंढ्या व गाई पुरविण्यास मेलून येथील कृषिमंडळ पुढें आलें होतें. २ जून रोजीं लोक पाहावयास जमले तेव्हां लस टोंचलेलीं जनावरें उभीं होतीं आणि न टोंचलेल्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरणाच्या पंथास लागलेल्या होत्या. पुढें चार वर्षांनीं, ६ जुलै १८८५ रोजीं, त्याच पाश्चर यांनीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलास रेबीजची लस देववून वांचविलें. डिस्टेंपरवरील लसीचेंहि तसेंच. १९२० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत 'दि फील्ड' नांवाच्या, खेड्यांतील जमीनदार व शिकारी लोकांच्या नियतकालिकानें आपल्या वाचकांकडून वर्गणी गोळा केली, आणि तिच्या आधारें लेडलॉ व डंकिन या दोघां संशोधकांनीं त्या लसीचा पाया घातला. आम्हांस तर लस शोधावयाची नाहीं. ती तयार आहे. आम्हांस फक्त दिवस नेमावयाचा आहे.

आणि दिवस नेमून काम होतें, याचा दाखला दूर शोधावयास नको. शेजारच्या गोमंतकांत २०१४ सालापासून घरोघर व रस्तोरस्तीं फिरून कुत्र्यांना दर वर्षीं रेबीजची लस टोंचण्यांत आली. तेथें पूर्वीं दरसाल कांहीं माणसें या रोगास बळी पडत. ते मृत्यु जवळजवळ थांबले, आणि २०२१ सालीं गोवा हें रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालें. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, कीं त्या भागांत रोगास पुढें पसरण्यास जागा राहत नाहीं, असा नियम आहे. पण दर वर्षीं कार्तिकांत नवीं पिलें येतात आणि सत्तरांचा आंकडा खालीं ओढतात. म्हणून केवळ मोठे कुत्रे टोंचून भागत नाहीं. पिलें वगळलीं कीं एक-दोन वर्षांत सगळी मेहनत वायां जाते.

तेव्हां आपल्या संघापुढें आम्ही पुढील गोष्टी ठेवितों. (१) प्रत्येक गांवच्या सभासदांनीं कार्तिक महिन्यांत आपापल्या खळ्यावरच्या, गोठ्यांतल्या व वस्तीवरच्या पिलांची जन्मवेळेसह यादी द्यावी. (२) सांगितलेल्या चार अमावास्यांस पशुवैद्यास बोलावून गांवांतच टोंचणी करावी, आणि लस थंड पेटींत आणण्याची जबाबदारी संघाच्या एका माणसावर नेमून द्यावी. (३) ज्या पिलांस धनी नाहीं, परंतु जीं गांवच्या भाकरीवर वाढत आहेत, त्यांचा खर्च संघाच्या निधींतून व्हावा. त्यांच्या दांतांस आपलें मूल आणि परक्याचें मूल हा भेद कळत नाहीं. (४) धनगरांचे वाडे त्या वेळीं शिवारांत बसलेले असतील, तर त्यांचींहि पिलें टोंचावीं. मेंढ्यांच्या बसण्यानें आपल्या शेतास खत मिळतें, तेवढा उपकार फेडण्यास हरकत नसावी. (५) टोंचलेल्या प्रत्येक पिलाची नोंद वहींत राहावी, म्हणजे पुढील वर्षीं किती जगलीं हें पाहून या कामाचें खरें मोल सभासदांस कळेल.

आपल्या वहींत बैलाचा खर्च आहे, गाईचा आहे, शेळीचा आहे. येत्या कार्तिकापासून त्या वहींत पिलांसाठीं एक पान उघडावें. त्या पानावर पहिल्या वर्षीं खर्चच दिसेल. दुसऱ्या वर्षीं राखणीस उभे राहिलेले कुत्रे दिसतील. जें मूल पिलाशीं खेळून सुखरूप घरीं आलें, त्याची नोंद मात्र कोणत्याच पानावर होणार नाहीं. हा सारा खर्च त्याच्यासाठींहि आहे, एवढें सभासदांनीं ध्यानांत ठेवावें.